एक मीटर, तीन बिऱ्हाडे
वाचकांचे प्रश्न : घर आणि भाडेकरू

मागील अंकात भाडेकराराच्या नोंदणीविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रे भाड्याविषयी नव्हतीच. ती वीजबिल, पाण्याची मोटर, टँकर आणि जिन्यातला दिवा यांविषयी होती. दोन-चार बिऱ्हाडे ठेवलेल्या घरांत भाड्यावरून भांडण क्वचित होते, कारण तो आकडा करारात लिहिलेला असतो. ज्या रकमा कोठेच लिहून ठेवलेल्या नसतात, त्यांवरून मात्र चांगली माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. मी स्वतः बारा वर्षे भाड्याच्या घरांत काढली आणि आता माझ्या घरात दोन भाडेकरू आहेत, त्यामुळे दोन्हीकडची पत्रे वाचताना दोन्हीकडचे म्हणणे मला आपले वाटते. या वेळचा स्तंभ पूर्णपणे याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : नाशिकला सिडकोत आमचे दुमजली घर आहे. वर आम्ही दोघे निवृत्त पतिपत्नी राहतो. खाली एका खोलीत सातपूरच्या कारखान्यात काम करणारा एकटा मुलगा आहे आणि शेजारच्या दोन खोल्यांत चार माणसांचे कुटुंब आहे. महावितरणचे मीटर एकच आहे. खालच्या दोघांना सबमीटर (त्यांच्यापुरता वापर मोजणारे छोटे मीटर) लावले आहेत. बिलाच्या रकमेला एकूण युनिटने भागून जो दर येतो, त्या दराने मी दोघांकडून पैसे घेते. परवा तो मुलगा म्हणाला, “काकू, मी दिवसभर कामावर असतो, घरात एक पंखा आणि एक दिवा. माझ्या नव्वद युनिटचे हजाराच्या वर कसे होतात?” मी एक रुपयाही जास्त घेतलेला नाही. मग चूक कोठे आहे?

उत्तर : मुलाची तक्रार खरी आहे आणि आपला हिशेबही प्रामाणिक आहे. गफलत झाली आहे ती घरगुती विजेच्या टप्प्यांमुळे. महावितरणचा घरगुती दर चढत जातो : पहिले 100 युनिट सर्वांत स्वस्त, 101 ते 300 बरेच महाग, 301 ते 500 त्याहून महाग आणि 500 च्या वरचे सर्वांत महाग. एका कुटुंबाचा वापर डोळ्यांसमोर ठेवून हे टप्पे आखले आहेत. तीन बिऱ्हाडांची वीज एका मीटरमधून गेली, की स्वस्त शंभर युनिट तिघांना मिळून एकदाच मिळतात आणि उरलेली सगळी वीज वरच्या टप्प्यांत जाऊन पडते.

आकड्यांतच पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून चार टप्प्यांचे दर अनुक्रमे 5, 11, 15 आणि 17 रुपये असे गोल धरतो. आपल्या बिलाच्या मागे छापलेले दर घेऊन हाच हिशेब आपण घरी करावा. मुलाचे 90 युनिट, खालच्या कुटुंबाचे 260, आपले 150 आणि मोटर व जिन्यातले दिवे यांचे 40, असे एकूण 540 युनिट धरू. एका मीटरवर याचे 500 अधिक 2200 अधिक 3000 अधिक 680, म्हणजे 6380 रुपये होतात. या चारही वापरांची मीटरे वेगळी असती, तर मुलाचे 450, आपले 1050, खालच्या कुटुंबाचे 2260 आणि सामाईक मीटरचे 200, मिळून 3960 रुपये झाले असते. म्हणजे वीज तितकीच वापरून घराने महिन्याला 2420 रुपये अधिक भरले. हे पैसे आपल्याला मिळाले नाहीत, भाडेकरूंना मिळाले नाहीत. एका मीटरमुळे ते गेले.

आता वाटणीकडे पाहा. 6380 ला 540 ने भागले की सरासरी दर 11 रुपये 81 पैसे येतो आणि त्या दराने मुलाचे 1063 रुपये होतात. स्वतःच्या मीटरवर त्याला 450 रुपये आले असते. ज्याने कमीत कमी वीज जाळली, त्याच्यावर या पद्धतीत सर्वांत जास्त भार पडतो. जो जास्त जाळतो, त्याला मात्र फारसे जाणवत नाही.

यावर पक्का उपाय एकच : वेगळ्या बिऱ्हाडाला वेगळे मीटर. स्वतंत्र दार आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असेल तर पाहणीच्या वेळी अडचण सहसा येत नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा चाचणी अहवाल, मालकीचा कागद आणि सुरक्षा ठेव एवढी तयारी ठेवावी. प्रत्येक जोडणीला स्थिर आकार (वापर कितीही असो, दर महिन्याला लागणारी ठरावीक रक्कम) वेगळा द्यावा लागेल, हे खरे. तरीही वरच्यासारखा वापर असलेल्या घरात तो वजा जाऊन पुष्कळ बचत उरते. मात्र एकाच कुटुंबाने केवळ टप्पा चुकवण्यासाठी दोन मीटरे घेऊ नयेत. ते नियमांत बसत नाही आणि तपासणीत उघडही होते.

वेगळी मीटरे मिळेपर्यंत वाटणीची पद्धत तरी बदला. प्रत्येकाचे स्वतंत्र मीटर असते तर किती बिल आले असते, ते आधी काढा आणि प्रत्यक्ष बिल त्या प्रमाणात वाटा. वरच्या उदाहरणात ते प्रमाण 450, 1050, 2260 आणि 200 असे आहे. त्याप्रमाणे 6380 रुपये वाटले, तर मुलाला 725, आपल्याला 1692, खालच्या कुटुंबाला 3641 आणि सामाईक खर्चाला 322 रुपये येतात. हे 322 रुपये तिघांत वाटून घ्यावेत. खालच्या कुटुंबाला पूर्वीपेक्षा साडेपाचशेच्या वर जास्त द्यावे लागतील, म्हणून हा बदल त्यांच्याशी आधी बोलून आणि एखादा महिना सांगून करावा. त्यांचे युनिट कोणत्या टप्प्यात जातात, हे कागदावर दाखवले की बहुतेक माणसे समजून घेतात. स्थिर आकार तिघांत सारखा वाटावा. वहन आकार (वीज वाहून आणण्याचा) युनिटप्रमाणे, आणि इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या चढउताराचा) व 16 टक्के वीज शुल्क वीज आकाराच्याच प्रमाणात वाटावे.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. विजेचा व्यापार करायला वीज कायदा, 2003 नुसार परवाना लागतो. भाडेकरूकडून घेतलेली रक्कम ही बिलातल्या त्याच्या वाट्याची परतफेड असली पाहिजे. तिच्यावर घरमालकाचा नफा असता कामा नये. आपण तो घेतलेला नाही, हे आपल्या पत्रावरून दिसतेच. तरी दर महिन्याला मूळ बिलाचा आणि दोन्ही सबमीटरच्या रीडिंगचा फोटो तिघांच्या व्हॉट्सॲप गटात टाकत जा. रीडिंग मात्र महावितरणचे रीडिंग होते त्याच दिवशी घ्या, कारण पाच दिवसांच्या फरकाने घेतलेल्या दोन आकड्यांची बेरीज कधीच जुळत नाही.

प्रश्न : सांगलीत आमच्या वाड्याच्या मागच्या बाजूला चार भाडेकरू आहेत. सर्व सबमीटरची बेरीज मुख्य मीटरपेक्षा दर महिन्याला नव्वद-शंभर युनिटने कमी भरते. एका भाडेकरूने सबमीटरच्या आधीच वायर जोडून घेतली असावी, असा मला संशय आहे. त्याला खोली सोडायला सांगावे का?

उत्तर : संशयावरून कोणालाही घराबाहेर काढू नये, आधी घराचे वायरिंग तपासावे. मीटरच्या अचूकतेत एखाद्या टक्क्याचा फरक असतोच, पण शंभर युनिट त्याने भरून येत नाहीत. जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर, गच्चीवरचा दिवा किंवा फाटकाजवळचा बल्ब सबमीटरच्या आधीच्या वायरवर आहेत का, ते पाहा. बहुतेक घरांत ते तसेच असतात. एक अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते. ती रोज तासभर चालली, तर तीस युनिट तेथेच सापडतात. नऊ वॅटचा दिवा रात्रीचे बारा तास जळला, तरी महिन्याला सव्वातीन युनिटच होतात. त्यामुळे दिव्यावरून भांडू नये, मोटरकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर एक परीक्षा घ्यावी; तिला काही खर्च नाही. दुपारी सर्व भाडेकरूंना विचारून चारही बिऱ्हाडांचे मेन स्विच, मोटर आणि जिन्यातले दिवे बंद करा आणि मुख्य मीटरसमोर उभे राहा. मीटरवर एक लहान लाल दिवा असतो आणि त्याच्याजवळ 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो. एक युनिट जळताना तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. सगळे बंद असताना तो स्थिर असला पाहिजे. तो लुकलुकत असेल, तर दोन लुकलुकींमधले सेकंद घड्याळावर मोजा.

माझ्या एका नातेवाइकांच्या घरी असाच वाद तीन महिने चालला होता आणि एका बाईंकडे सगळे चोर म्हणून पाहू लागले होते. आम्ही सर्व स्विच बंद करून मीटरसमोर उभे राहिलो, तेव्हा 3200 चा तो दिवा दर नऊ सेकंदांनी लुकलुकत होता. याचा हिशेब असा : तासाला 400 लुकलुकी, म्हणजे तासाला एक अष्टमांश युनिट, दिवसाला तीन आणि महिन्याला नव्वद. घरात कोणी काही जाळत नव्हते, तरी नव्वद युनिट जात होते. शोधता शोधता आम्ही जमिनीखालच्या टाकीतल्या मोटरपाशी पोहोचलो. तिचा स्विच फेजच्या (वीज घेऊन येणाऱ्या) वायरवर बसवायचा तो न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) बसवलेला होता, त्यामुळे मोटर बंद असतानाही केबल जिवंत राहत होती आणि ओल्या जोडातून वीज रात्रंदिवस जमिनीत जात होती. त्या टाकीत दर आठवड्याला कोणी तरी बादली बुडवून पाणी काढत असे. बिलाचा प्रश्न त्या क्षणी आम्हा सर्वांच्या मनातून गेला.

म्हणून आपल्याकडेही परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा, सामाईक वायरवर स्वतंत्र सबमीटर लावा आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज जमिनीत जाऊ लागली की तो स्वतःच पुरवठा तोडतो. एवढे सगळे करूनही चोरीच निघाली, तर ती कायद्याने गुन्हा आहे आणि वीज कायद्याच्या कलम 135 प्रमाणे तिची तक्रार करता येते. आपल्या पत्रावरून मात्र मला ती शक्यता कमी वाटते.

प्रश्न : पुण्याजवळ धायरीत आमच्या तीन मजली इमारतीत सहा बिऱ्हाडे आहेत, माणसे एकूण अठरा. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. खर्च बिऱ्हाडाप्रमाणे वाटला की दोन माणसांची बिऱ्हाडे नाराज होतात आणि माणशी वाटला की मोठी कुटुंबे. कोणती पद्धत न्याय्य?

उत्तर : वीज घराच्या सोयींवर अवलंबून असते; पाणी माणसांवर. आंघोळ, धुणे, भांडी आणि संडास यांना लागणारे पाणी माणसागणिक वाढते, म्हणून टँकरचा खर्च माणशीच वाटावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला डोकी मोजावीत, लहान मूलही एकच धरावे (लहान मुलांचे कपडे दिवसातून तीनदा धुवावे लागतात) आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहणारा पाहुणा त्या महिन्यापुरता मोजावा. मोटरची वीज, टाकी धुण्याची मजुरी आणि जिन्यातला दिवा हे खर्च मात्र बिऱ्हाडाप्रमाणे सारखे ठेवावेत, कारण दोन माणसे असोत की सहा, त्यांत फारसा फरक पडत नाही. प्रत्येक बिऱ्हाडाच्या पाइपवर पाण्याचे छोटे मीटर लावता आले, तर वादच उरत नाही. पण जुन्या इमारतीत एकाच घराला गच्चीवरून दोन-तीन पाइप उतरलेले असतात, स्वयंपाकघराचा वेगळा आणि संडासाचा वेगळा. तेथे मीटरांचा खर्च आणि तोडफोड परवडत नाही.

वाटणीच्या आधी मात्र दोन गोष्टी पाहायला हव्यात, आणि माझ्या अनुभवात घरमालक त्याच पाहत नाहीत. पहिली म्हणजे टँकर खरोखर किती पाणी देतो. जमिनीखालच्या टाकीची लांबी-रुंदी मोजा. ती समजा 3 मीटर आणि अडीच मीटर असेल, तर पाण्याची पातळी दहा सेंटिमीटर चढली म्हणजे 750 लिटर आले. एका सरळ काठीवर दर दहा सेंटिमीटरला रंगाने खूण करा, टँकर यायच्या आधी आणि गेल्यावर ती टाकीत उभी बुडवून ओली झालेली खूण पाहा. दहा हजार लिटरच्या टँकरने पातळी 133 सेंटिमीटर चढली पाहिजे. ती 110 च चढली, तर पावणेदोन हजार लिटर आलेच नाहीत. पाणी उतरत असताना मोटर बंद ठेवा, म्हणजे हिशेब बिघडणार नाही. टँकरवाल्याशी वाद घालायचीही गरज पडत नाही. त्याच्यासमोर शांतपणे काठी बुडवली की पुढच्या खेपेपासून फरक दिसतो.

दुसरी गोष्ट गळती. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण धरतात. अठरा माणसांना त्या हिशेबाने 2430 लिटर लागतात, म्हणजे नळाला थेंबही आला नाही, तरी दहा हजारांचा टँकर चार दिवस पुरला पाहिजे. तो तीन दिवसांतच संपत असेल, तर पाणी वापरले जात नाही, वाहून जाते आहे. सगळ्यात फसवी गळती फ्लशच्या टाकीची असते, कारण ती आवाज न करता भांड्यात झिरपत राहते. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि फ्लश न करता सकाळी पाहा. भांड्यातले पाणी रंगलेले दिसले, तर आतला रबरी वायसर गेला आहे. दोन मिनिटांत एक लिटर झिरपले, तरी दिवसाला 720 लिटर जातात, आणि ते पाच माणसांच्या पाण्याहून जास्त आहे. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉकही पाहा. मोटर लावून कोणी विसरले आणि टाकी वाहिली, तर ते पाणी सहाही बिऱ्हाडांनी विकत घेतलेले असते. पाणी भरताच मोटर आपोआप बंद करणारा स्विच लावावा.

ही दुरुस्ती घरमालकाने स्वतःच्या खर्चाने आणि लगेच करावी. गळका वायसर बदलायला चार दिवस लावायचे आणि टँकरचे पैसे माणशी मागायचे, हे न्याय्य होणार नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीत भाड्याने राहते. घरमालक सबमीटरवर सरसकट पंधरा रुपये युनिट घेतात. मूळ बिल दाखवा म्हटले, की “पटत नसेल तर दुसरी खोली बघा” म्हणतात. पावतीही देत नाहीत. मी काय करू शकते?

उत्तर : आपली मागणी योग्य आहे आणि ती लेखी करा, व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहिल्या तरी चालतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 31 प्रमाणे जागेसंबंधी घेतलेल्या कोणत्याही रकमेची लेखी पावती देणे घरमालकाला बंधनकारक आहे. पावती मिळू लागेपर्यंत विजेचे पैसे रोख देऊ नका; यूपीआयने द्या आणि “अमुक महिन्याचे वीजबिल, इतके युनिट” असा शेरा लिहा. सबमीटरचे रीडिंग दर महिन्याला फोटो काढून ठेवा, आणि पैसे थांबवू मात्र नका, कारण थकबाकी आपल्या नावावर लागली की तक्रारीचा जोर जातो.

पुढचा मार्ग स्वतःच्या जोडणीचा आहे. वीज कायद्याच्या कलम 43 प्रमाणे जागेचा मालक किंवा तेथे राहणारा, दोघांनाही वीज मागण्याचा हक्क आहे. घरमालक ना हरकत पत्र देत नाही, या कारणावरून राहणाऱ्याला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका प्रकरणात म्हटले आहे. अर्जदार त्या जागेत राहतो आहे एवढेच वीज कंपनीने पाहायचे. नोंदणीकृत करार आपल्याजवळ असेल, तर तोच राहण्याचा पुरावा होतो. हा मार्ग घरमालकाला आवडणार नाही, हे गृहीत धरून पाऊल उचला. कराराचे दोनच महिने उरले असतील, तर त्रासाच्या मानाने लाभ कमी आहे.

मी विद्यार्थी असताना ज्या घरात राहत होतो, तेथे दिव्यांप्रमाणे पैसे घेत आणि रात्री दहानंतर मालक बाहेरून मेन स्विच खाली ओढत. परीक्षेच्या दिवसांत जिन्यात बसून केलेला अभ्यास मी विसरलेलो नाही. म्हणूनच आपल्यासारखी पत्रे मी प्रथम वाचतो.

प्रश्न : भाडेकरूने तीन महिने वीज आणि पाण्याचे पैसे दिलेले नाहीत. मोटरची चावी माझ्याकडे आहे. त्याचे पाणी बंद केले तर चालेल का?

उत्तर : नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 29 प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला आणि बोळातला दिवा, लिफ्ट, सफाई या आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडणे किंवा अडवून धरणे हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे, आणि थकलेले पैसे वसूल करण्यासाठी पाणी तोडले तर ते न्यायालयात टिकेल, या भरवशावर राहू नये. “करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे, तो भाडेकरू नाहीच” असा सल्ला आपल्याला कोणी देईल. त्यावर विसंबून लहान मुले असलेल्या घराचे पाणी तोडू नका.

वसुलीचे मार्ग दुसरे आहेत. थकलेल्या रकमेचा महिनावार तक्ता बिलांच्या प्रतींसह द्या, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि रक्कम डिपॉझिटमधून वळती करण्याचे कलम करारात असेल तर ते लागू करा. लायसन्सची मुदत संपूनही तो जागा सोडत नसेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येते. मीटर आपल्या नावावर असेल, तर महावितरणच्या दृष्टीने ग्राहक आपणच आहात. त्याने भरले नाही म्हणून आपण बिल थकवले, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडला जाईल आणि अंधार सगळ्या घरात होईल. म्हणून बिल आधी भरा आणि नंतर वसूल करा. भाडेकरूने स्वतः भरायचे ठरले असेल, तरी ग्राहक क्रमांक आपल्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये घालून ठेवा, म्हणजे पहिल्याच महिन्याची थकबाकी दिसेल.

प्रश्न : खालच्या खोलीत एक बाई ब्युटी पार्लर चालवतात. वीज आमच्या घरगुती मीटरवरूनच जाते. काही अडचण येईल का?

उत्तर : येईल, आणि ती आपल्यावर येईल. घरगुती जोडणीवर दुकान चालवणे हा वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते आणि वापर कधीपासून होता हे ठरवता आले नाही, तर मागील बारा महिन्यांची होते. त्या खोलीला व्यावसायिक दराचे वेगळे मीटर घ्या. स्वतःच्या राहत्या घरात बसून थोडे शिवणकाम करणाऱ्या बाईंची गोष्ट वेगळी आहे. भाड्याने दिलेले पार्लर त्यात बसत नाही.

प्रश्न : लातूरला क्लाससाठी येणाऱ्या मुलांना आम्ही खोल्या देतो. दर महिन्याला रीडिंगची कटकट नको म्हणून वीज-पाणी धरून एकच रक्कम घ्यावी, असे वाटते. ते योग्य होईल का?

उत्तर : मुलांसाठी आणि त्यांच्या गावाकडच्या पालकांसाठी एक रक्कम सोयीची असते, हे मान्य आहे. दर महिन्याला वेगळा आकडा आला, की शेतावर राबणारे वडील प्रत्येक वेळी विचारात पडतात. पण मर्यादा न घालता एक रक्कम ठरवली, तर मार्चनंतर ती आपल्याला पुरणार नाही. म्हणून खोलीमागे महिन्याला ठरावीक युनिट भाड्यात धरा आणि त्यावरचे वेगळे घ्या. ही मर्यादा अंदाजाने ठरवू नका; मागील बारा महिन्यांची बिले काढून उन्हाळ्याचे आणि थंडीचे आकडे वेगळे पाहा. गीझर हा यातला मोठा खाणारा असतो. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.6 युनिट लागतात. आठ मुलांनी रोज एकेकदा पाणी तापवले, तर महिन्याला जवळपास दीडशे युनिट तेथेच जातात. गच्चीवर सौर बंब बसवला, तर हा खर्च बराच उतरेल.

एकच रक्कम घेताना प्राप्तिकराचाही विचार करा. घरभाड्याच्या उत्पन्नातून स्वतः भरलेला मिळकतकर वजा होतो आणि त्यानंतर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. वीज-पाण्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा दाखवता येत नाही. सगळे भाड्यातच धरले, तर दुसऱ्याच्या विजेचे पैसेही आपले उत्पन्न दिसते. करारात भाडे आणि परतफेडीची रक्कम अशा दोन ओळी ठेवाव्यात.

प्रश्न : तीन भाडेकरू असलेल्या घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचे आहेत. फायदा कोणाला मिळेल, आणि भाडेकरूंकडून किती घ्यावे?

उत्तर : फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30 हजार, दोन किलोवॅटला 60 हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78 हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटमधून आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. नेट मीटर (पॅनेलमधून बाहेर गेलेली वीज बिलातून वजा करणारे मीटर) एका जोडणीला लागते, त्यामुळे बिल त्या एकाच मीटरचे उतरते. घरात चार मीटरे असतील, तर ज्या मीटरचा वापर वरच्या टप्प्यांत जातो, त्याला संच जोडावा, म्हणजे सर्वांत महाग युनिट आधी वाचतील. बहुतेक ठिकाणी ते मीटर घरमालकाचेच असते आणि मग वाटणीचा प्रश्नच येत नाही.

सर्वांना मिळून एकच मीटर असेल, तर सोलर बसवल्यावर बिल कमी येईल, आणि वाटायचे ते हे कमी आलेले बिलच. पॅनेलला घातलेले पैसे वसूल करण्यासाठी जुन्याच दराने युनिटचे पैसे घेत राहू नका. गुंतवणुकीचा मोबदला हवा असेल, तर तो करार नवा करताना भाड्यात मागा आणि त्याचे कारण सांगा. भाडेकरू आपले घटलेले बिल आणि वाढलेले भाडे शेजारी मांडून परवडते की नाही ते पाहील. ज्यांचे करार अजून चालू आहेत, त्यांना तो करार संपेपर्यंत जुनेच भाडे ठेवा.

यापुढे जो नवा करार कराल, त्याची नोंदणी करताना पुढील मजकूर त्यात घालावा. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तो तसा नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. “वीजबिलातील वाटा सबमीटरच्या रीडिंगप्रमाणे व मूळ बिलाच्या रकमेच्या मर्यादेत आकारला जाईल. रीडिंग दर महिन्याच्या अमुक तारखेला दोघांसमक्ष घेतले जाईल व मूळ बिलाची प्रत दिली जाईल. सामाईक विजेचा खर्च बिऱ्हाडाप्रमाणे व टँकरचा खर्च माणशी वाटला जाईल. सामाईक वायरिंग व पाइप यांची दुरुस्ती घरमालक करील. आजचे सबमीटर रीडिंग इतके आहे.” शेवटच्या वाक्यातला आकडा खोलीची किल्ली देतानाच, सबमीटरसमोर दोघांनी उभे राहून भरावा.